गोळी दिली, पण घेतली का?

यंदाच्या गणपतीत प्रसादाच्या रांगेत एका काकांनी मागून खांद्यावर हात ठेवला आणि विचारले, "काय रे, तुझ्या कुत्र्याला म्हणे फिट्स येतात? रोज दोनदा गोळ्या? मग ठेवलायस कशाला?" काका मनाने चांगले आहेत. हॉलच्या बुकिंगपासून खुर्च्या आवरण्यापर्यंत सगळ्यात पुढे असतात. म्हणून मी नुसता हसलो आणि वाटली डाळ घेऊन पुढे सरकलो. उत्तर सुचले ते घरी येताना गाडीत, नेहमीप्रमाणे. तेच आता लिहून काढतो.

या सदरात आजवर कोलेस्टेरॉल, गुडघेदुखी, टर्म इन्शुरन्स आणि ४०१-के यांवर लेख आले. कुत्र्यावरचा बहुधा हा पहिलाच. पण आपल्या मंडळातल्या निदान डझनभर घरांत आज कुत्रा किंवा मांजर आहे, आणि त्यांतले प्रत्येक जनावर कधी ना कधी आजारी पडणार आहे. तेव्हा हा विषय आरोग्याचा आहे आणि खिशाचाही आहे. आधीच सांगून ठेवतो की मी डॉक्टर नाही. डिग्री मेकॅनिकल इंजिनिअरिंगची, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. जे लिहितो आहे ते आमच्या व्हेटबाईंनी शिकवलेले आणि स्वतः केलेल्या चुकांमधून कळलेले.

आमचा खंडू बीगलच्या जातीचा, पण निर्भेळ नाही. २०१९ साली शेल्टरमधून आणला तेव्हा सहा महिन्यांचा होता. नाव ठेवले बाबांनी, सासवडहून फोनवर. "जेजुरीच्या खंडोबाजवळ कुत्रा असतोच, खंडूच म्हणा," एवढे बोलून त्यांनी विषय संपवला. आमच्या मुलीला 'वॅफल' हे नाव हवे होते. ती अजून अधूनमधून त्याला वॅफल म्हणते आणि तो लबाड दोन्हींना ओ देतो.

२०२२ च्या उन्हाळ्यात आई-बाबा इथे आलेले असताना खंडूला पहिला झटका आला. स्वयंपाकघराच्या दारात उभा होता तो एकदम आडवा पडला. पाय सायकल चालवल्यासारखे हलायला लागले, तोंडाला फेस, लघवी झाली. आई क्षणभर थिजली आणि मग धावत जाऊन कांदा फोडून घेऊन आली. आमच्या लहानपणी वाड्यात कुणाला आकडी आली की कांदा, नाहीतर चप्पल हुंगवायची, हे ठरलेले. मी त्याच्या तोंडात बोट घालून जीभ ओढायला निघालो होतो, म्हणजे इंजिनिअर मुलगा आईपेक्षा शहाणा होता असे काही नाही. नंतर कळले की दोन्ही चूक. झटक्यात कुत्रा जीभ गिळत नाही. हात घातला तर तो शुद्धीत नसताना कडकडून चावतो मात्र. करायचे एवढेच की आजूबाजूच्या खुर्च्या हलवायच्या, जिन्यापासून दूर ठेवायचे, आणि घड्याळ बघायचे. पाच मिनिटांच्या वर झटका चालला, किंवा चोवीस तासांत दोन-तीन आले, तर थेट इमर्जन्सी गाठायची. खंडूचा झटका दोन मिनिटांच्या आत थांबला. मला तो अर्धा तास वाटला. थांबल्यावर तो भिंतींना आपटत घरभर फिरला आणि बाबांना ओळखेना. बाबा त्या रात्री जेवले नाहीत.

रक्ताच्या तपासण्या सगळ्या नॉर्मल. वय सहा महिने ते सहा वर्षांच्या मधले, दोन झटक्यांमधल्या काळात वागणे अगदी व्यवस्थित. अशा कुत्र्याच्या बाबतीत, दुसरे कारण सापडले नाही की 'इडिओपॅथिक' अपस्माराचे निदान करतात. एका झटक्यावर लगेच गोळ्या सुरू करत नाहीत. पण पुढे तीन महिन्यांत दुसरा आला आणि त्यानंतर एका रात्रीत दोन आले, तेव्हा व्हेटबाईंनी फिनोबार्बिटाल सुरू केले. आईला नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे गार्डिनलच ना रे? आमच्या ताईला होतं ते." अगदी तेच. १९१२ पासून बाजारात असलेले औषध, माणसाला आणि कुत्र्याला एकच. त्याच्या गोळ्यांचे आकडेही मजेदार आहेत: १६.२, ३२.४, ६४.८ मिलिग्रॅम. असे विचित्र दशांश कुठून आले म्हणून शोधले तर ते जुन्या 'ग्रेन' या वजनातून आलेले. एक ग्रेन म्हणजे ६४.८ मिलिग्रॅम, मूळ धान्याच्या दाण्यावरून, आपल्या सोनाराच्या गुंजेसारखे. शंभर वर्षांपूर्वीचे माप आजच्या बाटलीवर तसेच बसून आहे. आमच्या धंद्यात याला 'लीगसी सिस्टिम' म्हणतात.

या औषधाच्या दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. ते दर बारा तासांनी द्यावे लागते, आणि रक्तात त्याची पातळी स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. मधेच बंद केले, तर केवळ आजार परत येतो असे नाही, शरीराला त्याची सवय झालेली असल्यामुळे बंद करण्यानेच झटके येऊ शकतात. म्हणजे अर्धवट दिलेले हे औषध कधीकधी न दिल्याहून वाईट. क्रोसिनसारखे 'आज वाटले तर घेतली' असे हे प्रकरण नाही.

मी अर्थातच फ्रीजवर तक्ता लावला. सकाळी सात, संध्याकाळी सात, दोन चौकोन, दिल्यावर बरोबरची खूण. दोन वर्षे छान चालले. रक्तातली पातळी २४ होती. मायक्रोग्रॅम दर मिलिलिटरला, साधारण १५ ते ४५ च्या पट्ट्यात असावी लागते. एकही मोठा झटका नाही.

२०२४ च्या सप्टेंबरात आई-बाबा पुन्हा आले. मला तेव्हा आठवड्यातून चार दिवस ऑफिसला जावे लागत होते आणि सकाळी साडेसहाला घर सोडावे लागे. बाबा म्हणाले, "सकाळची मी देत जाईन. तू निश्चिंत जा." चौतीस वर्षे बँकेत कॅशियर म्हणून काढलेला माणूस. साताला एक मिनिट कमी नाही, एक मिनिट जास्त नाही. तक्त्यावरच्या त्यांच्या खुणा माझ्यापेक्षा सुबक.

ऑक्टोबरच्या मध्यावर रात्री दोन वाजता खंडूला झटका आला, पहाटे आणखी एक. इमर्जन्सीत नेले, स्थिर करून घरी आणले, दोन दिवसांनी व्हेटबाईंनी पातळी तपासली. २४ चा आकडा १४ वर आलेला. त्यांनी विचारले, "एखादा डोस चुकला का?" मी ताठ मानेने म्हणालो, "एकही नाही," आणि फोनवरचा तक्त्याचा फोटो दाखवला. आता डोस चुकलेला नाही आणि पातळी खाली, म्हणजे याचे यकृत औषध जास्त वेगाने जिरवू लागले असणार. या औषधाने असे होतेही. म्हणून त्यांनी डोस दीडपट केला. त्यांचे तर्कशास्त्र बिनचूक होते. मी पुरवलेली माहिती खोटी होती.

त्या शनिवारी आईने दिवाळीची साफसफाई काढली. सोफा पुढे ओढला. मागे भिंतीलगत, तुपाने गालिच्याला चिकटलेल्या, धुळीत लोळलेल्या अकरा पांढऱ्या गोळ्या.

बाबा रोज गरम पोळीचा घास करून, त्याला तूप लावून, आत गोळी घालून खंडूला देत होते. खंडू तो घास घेऊन सोफ्यामागच्या आपल्या कोपऱ्यात जाई, पोळी खाई, तूप चाटी आणि गोळी सफाईने बाजूला ठेवी. या औषधाने त्याला एवढी भूक लागते की तो मुलीचा पायमोजाही खाईल. तरी गोळी तेवढी नेमकी काढायचा. बाकीच्या काही गोळ्या व्हॅक्यूमने गिळल्या असाव्यात. बाबांनी एकेक गोळी उचलून तळहातावर ठेवली आणि मोजली. मग म्हणाले, "बाटलीतल्या गोळ्यांचा हिशेब रोज जुळत होता रे." थोड्या वेळाने पुढे म्हणाले, "खोटी नोट घेतली तरी रोकड जुळतेच म्हणा."

मी लगेच व्हेटबाईंना फोन केला. लाज वाटत होती. सोफ्यामागे सापडलेल्या गोळ्या मोजून सांगणे म्हणजे परीक्षेत कॉपी पकडल्यासारखे. त्या अजिबात रागावल्या नाहीत. उलट म्हणाल्या, बरे झाले आजच सांगितलेत. कारण वाढवलेला डोस आता खरोखर पोटात जायला लागला असता, तर पातळी नको तितकी वर गेली असती. कुत्रा झोपाळतो, मागचे पाय लटपटतात, आणि कायम जास्त पातळी राहिली तर यकृताला धोका. डोस पूर्वीचाच ठेवला, तीन आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासले, आकडा २३.

माझे पहिले मत इथून सुरू होते. डॉक्टरला, मग तो जनावराचा असो वा माणसाचा, 'दिली' आणि 'घेतली' यांतला फरक आपण सांगत नाही. आपल्याला तो कळतच नाही, किंवा कळून सांगायची लाज वाटते. चांगले पालक, चांगला मुलगा, चांगला पेशंट म्हणवून घ्यायची आपल्याला भारी हौस. पण "मागच्या आठवड्यात चार वेळा थुंकली असावी" हे वाक्य तपासणीच्या टेबलाजवळ बोलणे ही शरमेची गोष्ट नाही. त्याच वाक्यावर पुढचा डोस ठरतो. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये लॉगवर विश्वास ठेवून चूक शोधणारे कितीतरी लोक मी पाहिले आहेत. लॉग सांगतो काम झाले. प्रत्यक्षात लॉग लिहिणाऱ्या ओळीने फक्त 'मी इथून गेले' एवढेच म्हटलेले असते. मीही हे रोज ऑफिसात इतरांना शिकवतो आणि घरच्या फ्रीजवर मात्र तेच केले.

दुसरे मत जरा वादाचे आहे. हा किस्सा ऐकून दोन-तीन मित्रांनी सल्ला दिला, "आई-बाबांच्या हातात हे काम द्यायचंच नाही. त्यांना सांगून ऐकत नाहीत, लाड करतात." मला हे पटत नाही. चूक बाबांची नव्हतीच. मी त्यांना बाटली दाखवली, वेळ सांगितली, पण गोळी कशी द्यायची हे एकदाही करून दाखवले नाही. माणूस दिवसभर घरात आहे, वेळेचा पक्का आहे, कुत्र्यावर जीव आहे. यापेक्षा चांगला परिचारक पगार देऊन मिळणार नाही. आणि ज्याला दिवसभर काही काम नाही, ज्याला गाडी चालवता येत नाही, दुकानापर्यंत एकटे जाता येत नाही, त्याच्याकडून हे एक जबाबदारीचे कामही काढून घ्यायचे? सोफा ओढल्यावर बाबांचा चेहरा मी पाहिला होता. रविवारी सकाळी सातला आम्ही दोघे बशी घेऊन खंडूसमोर बसलो.

आता ते तंत्र सांगतो, कारण अनेकांना ते ठाऊक नसते. तीन छोटे घास करायचे. पहिला रिकामा, दुसऱ्यात गोळी, तिसरा रिकामा. पहिला दिला की कुत्रा बेसावध होतो. दुसरा देताना तिसरा त्याच्या नाकासमोर धरायचा. त्याच्या आशेने तो दुसरा न चावता गिळतो. सगळी करामत त्या तिसऱ्या घासात आहे. घास मोठा केला की तो चावणार, आणि चावला की गोळी सापडणार. बाबांचा घास चांगला पंक्तीतल्या लाडवाएवढा असायचा. शिवाय ज्या हाताने गोळी पकडली त्याच हाताने घास वळला तर बाहेरून गोळीचाच वास येतो. बीगलच्या नाकाला ते कळणार नाही असे समजणे हा त्याचा अपमान आहे. एका हाताने गोळी आत सरकवायची, दुसऱ्या हाताने घास बंद करायचा, उकडीच्या मोदकाचे तोंड मिटवतो तसे. हे आईने पाहिले आणि बाबांना बाजूला करून पहिला नमुना स्वतः वळून दिला.

घास द्यायचा तो हातातून आणि तिथेच, गालिच्यावर पसार होऊ द्यायचे नाही. त्याने नाक चाटले की बहुतेक वेळा गिळलेले असते. तरी आम्ही दोन मिनिटे तिथेच बसतो. मग खूण. गोळी जेवणाच्या पूर्ण वाटीत टाकून निघून जाणे हा सगळ्यात वाईट मार्ग. निम्मे जेवण राहिले तर औषध कोणत्या निम्म्यात होते ते ब्रह्मदेवही सांगू शकत नाही.

घास चालतच नसेल, किंवा औषध उपाशीपोटी द्यायचे असेल, तर थेट तोंडात. एका हाताने वरचा जबडा सुळ्यांच्या मागे धरायचा, मान किंचित वर, दुसऱ्या हाताने खालचा जबडा उघडून गोळी जिभेवर अगदी मागे, मध्यभागी ठेवायची. तोंड मिटायचे, गळा वरून खाली चोळायचा. नंतर थोडे पाणी किंवा एखादा घास द्यायचा, कारण कोरडी गोळी अन्ननलिकेत अडकून तिथे जखम करू शकते. पहिल्यांदा हे व्हेटच्या समोर करून घ्यावे. पुस्तक वाचून पोहायला शिकण्यासारखे आहे. चावरे जनावर असेल तर ही मर्दुमकी करूच नये. त्याच औषधाचे पातळ रूप किंवा चवीचे मिश्रण बनवून मिळते का ते विचारावे. गोळीची पूड करण्याआधीही विचारावे. काही गोळ्यांवरचा थर मुद्दाम दिलेला असतो, काही हळूहळू विरघळण्यासाठी बनवलेल्या असतात. त्या फोडल्या की हिशेब बिघडतो.

घासासाठी काय वापरायचे यावर आपल्या घरांत विशेष काळजी हवी, कारण आपले स्वयंपाकघर कुत्र्यासाठी सुरुंगांनी भरलेले आहे. कांदा आणि लसूण, कच्चे, शिजवलेले किंवा पूड, रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतात. म्हणजे कालच्या भाजीत बुडवलेला पोळीचा तुकडा बाद. शिऱ्यातले बेदाणे, मनुका, द्राक्षे यांनी काही कुत्र्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, आणि कोणत्या कुत्र्याची किती खाल्ल्यावर होतील याचा ठोकताळा नाही. तेव्हा प्रसादाचा शिरा कितीही प्रेमाने दिला तरी नको. चॉकलेट नको. पीनट बटर चालते, पण बरणीच्या मागे झायलिटॉल किंवा 'बर्च शुगर' लिहिलेले नाही ना ते वाचून. त्याने रक्तातली साखर धाडकन खाली येते. चीज आणि दही बहुतेक वेळा चालतात, पण काही अँटिबायोटिक दुधातल्या कॅल्शियमला चिकटून बसतात आणि नीट शोषली जात नाहीत. ती कोर्सच्या वेळी विचारून घ्यावी. तूप आम्ही बंदच केले. फिनोबार्बिटाल घेणाऱ्या कुत्र्याच्या स्वादुपिंडाला चरबीचा भार नको. सध्या आमच्याकडे उकडलेल्या रताळ्याचा गोळा चालतो. एकादशीला खंडू आणि आई एकाच ताटातले खातात असे बाबा म्हणतात.

आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो. कुत्रा लंगडतो आहे, अंग तापले आहे म्हणून आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन, नेप्रॉक्सेन किंवा क्रोसिन अर्धी करून देऊ नका. आईने एकदा मायेने विचारले होते, "अर्धी देऊ का रे?" तेव्हा तिने विचारले म्हणून बरे झाले. माणसाच्या पोटात सहज जिरणारी गोळी कुत्र्याचे जठर, मूत्रपिंड किंवा यकृत घालवू शकते. फिनोबार्बिटाल माणसाचेच औषध आहे हे मी वर लिहिले, त्यावरून 'मग हेही चालेल' असा निष्कर्ष कोणी काढू नये.

आता पैशाकडे वळतो. औषध स्वस्त आहे. आम्हाला महिन्याला एका सिनेमाच्या तिकिटाएवढे पडते. महाग आहेत त्या रात्रीच्या धावपळी. ऑक्टोबरातल्या त्या एका रात्रीचे बिल १,९०० डॉलर आले. सोफ्यामागच्या अकरा गोळ्यांनी भागले तर ती जगातली सगळ्यात महाग पोळी ठरेल. व्हेटकडून लेखी प्रिस्क्रिप्शन मागून घेता येते आणि माणसांच्या फार्मसीतही ते चालते. वेगवेगळ्या दुकानांत भाव विचारावेत, एकाच गोळीच्या किमतीत आम्हाला तिप्पट फरक दिसला. फिनोबार्बिटाल अमेरिकेत नियंत्रित औषधांच्या चौथ्या वर्गात मोडते. प्रिस्क्रिप्शन सहा महिन्यांपुरते, फार तर पाच रिफिल, आणि वेळेआधी रिफिल मागितले तर फार्मसिस्ट भुवया उंचावतो. भारतात जाण्याआधी आठवडाभर हे जमवून ठेवावे, विमानाच्या दिवशी नव्हे. त्याच कारणाने बाटली मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवावी.

विम्याचे मी चुकवले. २०१९ मध्ये हप्ता बघून कागदावर गणित मांडले, तरुण कुत्रा, खर्च येण्याची शक्यता कमी, म्हणून घेतला नाही. २०२२ नंतर घ्यायला गेलो तर अपस्मार आधीचा आजार म्हणून वगळलेला. घ्यायचा तर पिल्लू निरोगी असताना घ्यावा, आणि पॉलिसीत प्रतीक्षाकाळ किती, पैसे आधी आपण भरून नंतर परत मिळणार का, हे वाचावे. नसेल घ्यायचा तर तेवढाच हप्ता दर महिन्याला वेगळ्या खात्यात टाकावा. आम्ही आता तेच करतो. एचएसए किंवा एफएसएचे पैसे मात्र घरातल्या कुत्र्याच्या औषधाला वापरता येत नाहीत. सर्व्हिस डॉगची गोष्ट वेगळी.

पैशाच्या याच बोलण्यात एक गोष्ट बाहेर आली. रात्री गोळ्यांचा हिशेब लिहिताना बाबा सहज म्हणाले, "मीही माझी बीपीची एक दिवसाआड घेतोय. सहा महिन्यांची आणली होती, मुक्काम वाढला तर पुरायला नको? इथे उगाच तुला खर्च." कुत्र्याच्या पातळीचे दशांश पाठ असलेल्या मला हे दीड महिना माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांना वॉक-इन क्लिनिकमध्ये नेले. वरचा आकडा १६८. त्यांची साधी जेनेरिक गोळी इथे रोख पैशांत घेतली तरी खंडूच्या गोळीहून स्वस्त निघाली. ज्यांचे आई-वडील सध्या आलेले आहेत त्यांनी आज रात्री सहज त्यांच्या गोळ्यांची पाकिटे मोजून पाहावीत, एवढेच.

मंडळाने यात एक करता येईल. गावाला जाताना औषध चालू असलेले जनावर कुठे ठेवायचे हा प्रश्न मोठा असतो. बोर्डिंगवाले अनेकदा प्रत्येक डोसचे वेगळे पैसे लावतात, आणि गोळी गिळली का ते बघतील याची खात्री नाही. आपल्यापैकी चार-पाच घरांनी एकमेकांच्या जनावरांना गोळी द्यायला शिकून घेतले, तर अधिवेशनाला किंवा भारतात जाताना अदलाबदल होऊ शकेल. आमच्या घरी मधुमेही मांजर चालेल. खंडूला ते चालेल का हे मात्र सांगता येत नाही.

काकांच्या प्रश्नाचे उत्तर राहिले. ठेवलाय कशाला? पाच महिन्यांच्या मुक्कामात बाबा माझ्याशी जेवढे बोलले त्यापेक्षा खंडूशी जास्त बोलले. पहाटे साडेपाचला ते उठायचे तेव्हा घरात जागा असणारा तो एकटा. आणि झटक्यानंतर भिंतींना आपटत फिरणारा तो जीव, डोळ्यांनी नीट दिसत नसताना, वास घेत घेत शेवटी ज्याच्या पायाशी येऊन बसला त्याला, म्हणजे बाबांना, 'ठेवलाय कशाला' हे विचारून बघा काका. मी बाजूला उभा राहीन.

बाबा फेब्रुवारी २०२५ मध्ये परत गेले. जाण्यापूर्वी त्यांनी फ्रीजवरचा माझा तक्ता काढून टाकला आणि वही सुरू करून दिली: आरंभीची शिल्लक, दिल्या, गिळल्या, अखेरची शिल्लक. 'दिल्या' आणि 'गिळल्या' हे दोन वेगळे रकाने, लाल शाईने आखलेले. हिवाळ्यात आमचे सकाळचे सात म्हणजे सासवडचे संध्याकाळचे साडेपाच. बरोबर सात वाजून दोन मिनिटांनी त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. आवाज ऐकून खंडू कान टवकारतो.

"गिळली का?"

"गिळली. नाक चाटलं."

"सोफ्यामागे बघितलंस?"

"बघितलं. आणि बाबा, तुमची?"

मग ते फोन जवळ आणतात, आ करतात आणि जीभ बाहेर काढून दाखवतात.